रेस दिल्यावर गाडी थरथरते? टायर बदलण्याआधी हे तपासा

रेस दिली की गाडी थरथरते, अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बऱ्याचदा आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग नवे टायर असा खर्च सुरू होतो. पैसे जातात, थरथर तशीच राहते. म्हणून गाडी नेमकी कधी थरथरते, हे आधी आपणच बघावं.

१) उभी गाडी : हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि थोडी रेस द्या. उभ्या गाडीलाही हादरे बसले, तर दोष चाकात नाही, इंजिनकडे आहे. पेट्रोल गाडीत प्लग किंवा कॉइल, डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा फिल्टर बघायला सांगा. इंजिन मिसिंग करत नसेल, तर इंजिन फाउंडेशनचे रबर बसलेले असू शकतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी ताणू नका.

२) पाय काढला तरी थरथर : ठरावीक वेगाला, समजा ८० च्या आसपास, रेस सोडली तरी थरथर राहते? मग चाकं बघा. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसतो आणि चाकाचा तोल जातो. आधी रिम आतून धुवा. तरीही थांबलं नाही, तर बॅलन्सिंग करा.

३) फक्त गाडी उचलताना थरथर : क्लच सोडतानाच होत असेल, तर क्लचप्लेट तपासा.

४) चालत्या गाडीत फक्त रेस दिल्यावर : स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. त्यांच्या एक्सलचा आतला जॉइंट झिजलेला असू शकतो. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का, ते बघा. बोलेरो, ईको, टाटा एस यांना मागची चाकं ढकलतात. त्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा. क्रॉस ढिला झाला की गाडी उचलताना 'खट्ट' आवाजही येतो.

हे दुखणं अंगावर काढू नका. चालत्या गाडीत क्रॉस तुटला, तर शाफ्ट खाली पडू शकतो. माणसं किंवा माल भरलेला असेल, तर धोका आणखी मोठा. आणि एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

मेकॅनिकला 'गाडी थरथरते' एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला, रेस देताना की सोडल्यावर, हे सांगा. दोष लवकर सापडतो आणि नको तो पार्ट बदलला जात नाही.