रॉकेटचा जोर आणि गुरुत्वाचा टोल

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याजवळ जीप बंद पडली, की चार जण मागून एकदम रेटा देतात आणि गाडी हलते. तेच चौघे नुसते हात टेकवून पाच मिनिटे उभे राहिले, तर घाम येईल. गाडी हलणार नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी छोटे रॉकेट बनवणाऱ्या मुलांचा घोळ नेमका इथेच होतो.

रॉकेटची मोटर ज्या बलाने ढकलते तो रेटा. तो न्यूटनमध्ये मोजतात. सरासरी रेटा आणि मोटर जळण्याचा वेळ यांचा गुणाकार म्हणजे एकूण आवेग. तयार मोटरवरचे अक्षर या आवेगाचे असते: ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत. अक्षरापुढचा आकडा सरासरी रेट्याचा. मुले अक्षर पाहतात, आकडा विसरतात.

समजा, रॉकेट १५० ग्रॅमचे आहे. त्याचा भार साधारण दीड न्यूटन. दोन मोटरी घ्या, दोन्हींचा आवेग दहाच. एक पाच न्यूटनने २ सेकंद जळते, दुसरी दोन न्यूटनने ५ सेकंद. गुरुत्वाकर्षण मात्र टोलवाल्यासारखे दर सेकंदाला दीड न्यूटन-सेकंद कापून घेते. पहिलीचे तीन गेले, सात उरले. दुसरीचे साडेसात गेले, उरले अवघे अडीच!

उंची कमी भरली तर फार तर हिरमोड होईल. खरा धोका वेगळाच. शेपटीचे पंख रॉकेटला सरळ ठेवतात, पण त्यासाठी वेग हवा. मीटरभर लांबीच्या दांडीवरून सुटताना पहिल्याचा वेग सेकंदाला जवळपास सात मीटर असतो, दुसऱ्याचा जेमतेम अडीच. असे मंद रॉकेट वाऱ्याच्या झुळकीने कलते आणि जळत्या मोटरीसह बघ्यांकडे वळू शकते.

म्हणून हौशी मंडळी रेटा भाराच्या किमान पाचपट धरतात. इस्रोचे एलव्हीएम-३ याहून कितीतरी कमी पटीच्या रेट्यावर सरळ वर जाते, पण त्याचे नॉझल संगणक वळवत असतो. शाळेच्या रॉकेटला असले सुकाणू कुठले?

आता पाचपटीचा हिशेब लावला, तर आपले पहिले रॉकेटही नापास! मोटर बदलण्याआधी पुठ्ठा पातळ घ्या, डिंक कमी लावा आणि मोटरीसकट रॉकेट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. वजन १०० ग्रॅमवर आले, तर तीच पाच न्यूटनची मोटर चालेल. दारू मात्र घरी कुटायची नाही.