जकार्त्याचा अंतिम सामना

आज आपण एका फुटबॉलच्या सामन्याची गोष्ट करणार आहोत. पण सुरुवात हुतुतूपासून करू.

गावच्या जत्रेत हुतुतूचे सामने आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. पाहुणा संघ मैदानात उतरला की गावची पोरं हुर्यो करतात, शिट्ट्या मारतात. त्यात गंमत असते, राग नसतो. पण समजा, आदल्याच दिवशी दोन गावांत हद्दीवरून नाहीतर पाण्यावरून तंटा झालेला आहे, आणि त्या पाहुण्या पोरांना त्याच गावात येऊन खेळायचं आहे. मग त्या हुर्योतली गंमत जाते. पोरांचा तंट्याशी काही संबंध नसतो. तरी राग निघतो तो त्यांच्यावरच.

भारताच्या अकरा फुटबॉल खेळाडूंवर ४ सप्टेंबर १९६२ रोजी नेमका हाच प्रसंग आला. गाव होतं इंडोनेशियाची राजधानी जकार्ता. भोवती बसलेले प्रेक्षक होते लाखाच्या आसपास. समोरचा संघ होता दक्षिण कोरियाचा. आणि सामना होता चौथ्या आशियाई क्रीडासामन्यांतला, फुटबॉलच्या सुवर्णपदकाचा.

हा सामना समजायचा तर आधी आशियाई सामने म्हणजे काय, ते पाहिलं पाहिजे. दुसरं महायुद्ध संपलं आणि आशियातले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले. इंडोनेशियाने १९४५ साली स्वातंत्र्य पुकारलं, भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, मलाया १९५७ साली. कोरियाची जपानच्या हातून १९४५ साली सुटका झाली खरी, पण देशाचे दोन तुकडे झाले आणि पुढे १९५० ते १९५३ अशी तीन वर्षं तिथे युद्ध पेटलं. अशा या नवोदित राष्ट्रांनी एकत्र यावं, एकमेकांना ओळखावं, बरोबरीच्या नात्याने खेळावं, म्हणून आशियाई सामने निघाले. ते काढण्यात पुढाकार होता गुरुदत्त सोंधी या भारतीय गृहस्थांचा. पहिले सामने मार्च १९५१ मध्ये दिल्लीत झाले. त्यात भारताने अंतिम फेरीत इराणला एक गोलाने हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं. तो गोल मेवालालचा.

आता तंटा कशावरून झाला, ते ऐका. १९६२ सालच्या सामन्यांचं यजमानपद इंडोनेशियाकडे होतं. अरब राष्ट्रं आणि चीन यांच्याशी त्या सरकारचा घरोबा. त्यामुळे इस्राएल आणि तैवान या दोन संघांना त्यांनी देशात येण्याचे परवानेच दिले नाहीत. सोंधी म्हणाले, हे नियमाला धरून नाही. जे देश आशियाई क्रीडासंघाचे सभासद आहेत, त्या सर्वांना बोलावलं पाहिजे. काहींना दाराबाहेर ठेवायचं असेल तर या सामन्यांना ‘आशियाई सामने’ हे नाव लावता येणार नाही. बोलणं एका माणसाचं, पण ते भारताच्या नावावर जमा झालं. इंडोनेशियाच्या लोकांना वाटलं, आपण एवढ्या हौसेने मांडव घातला आणि शेजाऱ्यानेच त्याला नाव ठेवलं. ३ सप्टेंबरला जमावाने जकार्त्यातल्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींना शहर सोडून जावं लागलं. आणि फुटबॉलचा अंतिम सामना होता दुसऱ्याच दिवशी.

यातली दुःखाची गोष्ट अशी की, हे दोन देश काही जुने वैरी नव्हते. इंडोनेशिया डच सत्तेशी झगडत असताना जानेवारी १९४९ मध्ये भारताने दिल्लीत त्यांच्या बाजूने अनेक राष्ट्रांची परिषद भरवली होती. आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो, त्या दिवशी आपले प्रमुख पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकर्णो. मैत्री जितकी जवळची, तितका रुसवा मोठा, हे घरात घडतं तसंच राष्ट्रांतही घडतं.

आता आपल्या संघाकडे वळू. या संघाचे शिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. शिक्षक हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. रहीमसाहेब हैदराबादचे, आणि पेशाने खरोखरच शाळामास्तर. पुढे ते हैदराबादच्या पोलीस संघाचे आणि मग भारताच्या संघाचे मार्गदर्शक झाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, आपला झाला एकच. तेव्हाही संघ रहीमसाहेबांकडेच होता. हा मार मास्तरांनी लपवला नाही, त्यातून धडा घेतला. पायात बूट आले, खेळण्याची मांडणी बदलली. चारच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियावर एकाच सामन्यात तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या मुंबईत खेळणारा, मूळचा गोव्याचा.

जकार्त्याच्या संघातही गोव्याचा एक गडी होता. फोर्तुनातो फ्रांको, बार्देशातल्या कोलवाळचा. मुंबईत टाटांच्या संघातून तो खेळत असे. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. कर्णधार होता बंगालचा चुनी गोस्वामी, वय अवघं चोवीस. पी. के. बॅनर्जी बंगालच्या रेल्वे संघाचा, बलराम आणि युसूफ खान हैदराबादकडचे, जर्नेलसिंग पंजाबचा, गोलरक्षक पीटर थंगराज चांगला सहा फुटांवर उंच. नावं ऐकूनच लक्षात येईल की सारा देश त्या अकरांत होता.

स्पर्धेची सुरुवात मात्र वाईट झाली. पहिल्याच सामन्यात याच दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवलं. कोरिया म्हणजे तेव्हाचा आशियाई चषकाचा विजेता. १९५६ आणि १९६० असा दोनदा त्यांनी तो चषक नेला होता. पुढच्या सामन्यात आपण थायलंडला चार विरुद्ध एक असं हरवलं, पण त्यात जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके घालावे लागले. त्यानंतर जपानला दोन गोलांनी हरवून आपण उपांत्य फेरीत पोचलो.

इथे रहीमसाहेबांपुढे पेच पडला. जर्नेलसिंग हा बचावफळीच्या ऐन मधला गडी. आपल्या वाड्याचा दिंडीदरवाजाच म्हणा. मधल्या बचावपटूचं निम्मं काम डोक्याने असतं. विरोधी संघ उंच चेंडू टाकतो, तो उडी मारून डोक्याने परतवावा लागतो. डोक्याला टाके असलेल्या माणसाला तिथे उभं करावं, तर पहिल्याच धडकेला टाका तुटायची भीती. बरं, त्याला घरी बसवावं, तर संघातला सर्वांत दणकट गडी गेला. आणि जखमी गड्याच्या जागी सामना चालू असताना दुसरा घेण्याची सोय तेव्हाच्या फुटबॉलात नव्हती.

मास्तरांनी काय करावं? त्यांनी जर्नेलसिंगला मागून काढला आणि सर्वांत पुढे, गोल करण्याच्या जागी उभा केला. मागची मधली जागा अरुण घोषने सांभाळली. बचाव करणारा गडी आघाडीला! ऐकणाऱ्याला हे वेडेपण वाटावं. पण रहीमसाहेबांना आपल्या विद्यार्थ्याची ओळख होती. जर्नेलसिंगला पुढे खेळण्याचा जुना सराव होता, हे ते विसरले नव्हते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामशी भारत तीन विरुद्ध दोन असा निसटता जिंकला. चुनी गोस्वामीचे दोन गोल, आणि एक जर्नेलसिंगचा.

अंतिम सामन्याची आदली रात्र. बाहेर शहर खवळलेलं, आत कुणाला झोप येईना. खेळाडूंनी पुढे सांगितलं आहे की, रहीमसाहेब त्यांना घेऊन रात्री फिरायला निघाले, आणि उद्या मला सुवर्णपदकाची भेट द्या, एवढंच त्यांनी मागितलं. त्यांच्या अंगात कर्करोग होता.

दुसऱ्या दिवशी संघ मैदानावर निघाला, तेव्हा बसवरचा आपला ध्वज काढून ठेवावा लागला, अशी खेळाडूंची आठवण आहे. मैदानात भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं, तर प्रेक्षकांनी आरडाओरड करून ते ऐकू येऊ दिलं नाही. सामना सुरू झाल्यावरही आपल्या गड्याच्या पायात चेंडू आला की हुर्यो, कोरियाकडे गेला की टाळ्या. एवढ्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारं कोण होतं म्हणाल? पाकिस्तानचा हॉकी संघ. त्याच सामन्यांत हॉकीत आपल्याला हरवून सुवर्णपदक घेणारे ते खेळाडू भारतासाठी टाळ्या वाजवत होते, असं आपले खेळाडू पुढे कौतुकाने सांगत. खेळाडूचं दुःख खेळाडूलाच कळतं.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. त्यानंतर तीनच मिनिटांनी दुसरा गोल. तो केला जर्नेलसिंगने, डोक्याला टाके असलेल्या बचावाच्या गड्याने! वीस मिनिटांत दोन गोल झाले, पण पुढची सत्तर मिनिटं काढायची होती. थंगराज गोलात उभा, पुढे अरुण घोष, त्रिलोकसिंग आणि चंद्रशेखर, त्यांच्या पुढे प्रशांत सिंह आणि फ्रांको. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोरियाने एक गोल फेडला. शेवटची पाच मिनिटं किती लांबली असतील, याची कल्पना करा. पण बचाव फुटला नाही. शिट्टी झाली. भारत दोन, दक्षिण कोरिया एक.

यानंतर काय झालं, तेही सांगायला हवं. इंडोनेशियाला फेब्रुवारी १९६३ मध्ये ऑलिंपिक समितीने निलंबित केलं. त्यावर सुकर्णोंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात जकार्त्यालाच ‘नवोदित शक्तींचे क्रीडासामने’ भरवले. ते काही फार वर्षं टिकले नाहीत. रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी वारले. शिष्यांनी दिलेली भेट पाहायला त्यांना नऊ महिने मिळाले. भारताच्या पुरुष संघाला १९७० साली बँकॉकला ब्राँझपदक मिळालं, पण आशियाई सामन्यांत फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर पुन्हा आलेलं नाही. आणि २०१८ साली आशियाई सामने परत जकार्त्याला आले. त्याच मैदानात उद्‌घाटन झालं, आणि नीरज चोप्राच्या हाती आपला ध्वज उघड्यावर, डौलाने फडकत गेला. तंटे मिटतात, वेळ लागतो इतकंच.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. वर्गात आशियाचा नकाशा काढाल, तेव्हा जकार्त्यावर बोट ठेवून ही गोष्ट जरूर सांगा. पदक मिळालं एवढंच सांगून थांबू नका. जखमी गड्याला बाद न ठरवता त्याच्यासाठी नवी जागा शोधणारा एक मास्तर होता, हे सांगा. आणि लाख माणसं चिडवत असताना त्या पोरांनी प्रेक्षकांना एकही उत्तर दिलं नाही, सगळं लक्ष चेंडूवर ठेवलं, हेही सांगा. पुढच्या जत्रेत पाहुणा संघ आपल्या गावात येईल, तेव्हा आपल्या पोरांना हे आठवलं तर बरं. हुर्यो करायची तर करा. पण तंटा चावडीवर ठेवा, मैदानात आणू नका.

राम राम.