निराधारचे पैसे आणि हाताला काम



पावसाळा संपून अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर पुन्हा जाणे सुरू झाले, तेव्हापासून एकच प्रश्न बऱ्याच घरी ऐकते आहे. “ताई, मी कामावर गेलो तर माझे निराधारचे पैसे बंद होतील ना?” विचारणाऱ्यांत पोलिओने पाय अधू झालेले एक काका होते, मळणीयंत्रात हात गेलेला एक तरुण होता आणि सिकलसेल असलेल्या मुलीची आई होती. या आईने तर उपासना संपल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, “मुलगी सरकारचे पैसे घेते आणि शिलाईकामातून थोडेफार कमावते, हे पाप तर नाही ना?”

पाप नाही, आणि नियमभंगही नाही. मात्र कमाईला एक मर्यादा आहे. ती नीट माहीत नसल्यामुळे काम करू शकणारी माणसे भीतीने घरी बसून राहतात, आणि काही जण काम करतात पण चोरून. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेते.

ज्याला आपण “निराधारचे पैसे” म्हणतो ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्रात ती 1980 पासून आहे. दिव्यांग व्यक्तीला या योजनेतून ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये मिळू लागले. त्याआधी 1,500 मिळत. पात्रता ठरवताना वय 18 ते 65 आहे का, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे का, राज्यात 15 वर्षे वास्तव्य आहे का आणि कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न किती, हे पाहतात. इतर निराधारांसाठी ही उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती 50,000 रुपये आहे. हा फरक पाड्यांवर फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. सगळ्यांच्या डोक्यात 21,000 हाच आकडा बसलेला आहे, कारण वर्षानुवर्षे सेतू केंद्रावर तोच ऐकलेला असतो.

म्हणजे तहसील कार्यालय जे तपासते ते उत्पन्न. तुम्ही सकाळी उठून कामावर जाता की घरी बसता, हा त्यांचा प्रश्न नाही.

आता हिशेब मांडून पाहू. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला 312 रुपये होता. केंद्राच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला वर्षात 100 दिवस काम मिळत असे. त्या दराने पूर्ण 100 दिवस भरले तर 31,200 रुपये होतात. घरात दुसरी कमाई नसेल तर हे 50,000 च्या बरेच आत आहे. आपल्या राज्याची स्वतःची हमी 100 दिवसांच्या पुढेही चालते; तरी एखाद्याने 160 दिवस काम केले तर त्याचे 49,920 रुपये होतील. तरीही तो मर्यादेत. शेतीचे, मजुरीचे, घरातल्या इतर माणसांच्या कमाईचे पैसे यात मिळवायचे असतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे. (हाच हिशेब विधवा बहिणीसाठी करून पाहिला की वाईट वाटते. ती दिव्यांग नसेल तर तिची मर्यादा 21,000. रोजगार हमीवर 68 दिवस खपली की ती मर्यादेबाहेर. मजुरीचा दर दरवर्षी बदलतो, ही मर्यादा जागची हलत नाही.)

“पण ताई, मला कुदळ चालवता येत नाही, मग रोजगार हमी माझ्या काय कामाची?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. कुदळच चालवली पाहिजे असे नाही. कामावर आलेल्या मजुरांना पाणी पाजणे, त्यांची लहान मुले सांभाळणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, झाडांना पाणी घालणे अशी कामे दिव्यांग मजुरांना द्यावीत, असे रोजगार हमीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. मजुरी इतरांइतकीच. कामाच्या जागी पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचे असते आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची असते. आपल्या भागात ही जागा बहुतेक वेळा रिकामीच असते, कारण कोणी मागत नाही. तेव्हा जॉबकार्ड काढावे, ग्राम रोजगार सेवकाकडे नमुना 4 भरून कामाची लेखी मागणी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. पोच असल्याशिवाय मागणी केली असे कोणी मानत नाही. मागणीनंतर 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्त्याचा हक्क तयार होतो, तोही या पोचेवरच.

सिकलसेलबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार घरोघरी माहीत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले, त्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र मिळते ते आजार असलेल्या, म्हणजे एसएस रुग्णाला. नुसत्या वाहकाला, म्हणजे एएसला नाही. अडचण अशी की सिकलसेलचा माणूस चांगल्या दिवसात धडधाकट दिसतो. मग शेजारी म्हणतात, “ही तर बाजारात फिरते, हिला कसले पैसे?” दोन दिवसांनी तीच मुलगी हाडे दुखून अंथरुणात रडत असते. त्या वेळी तिला पाहायला कोणी येत नाही. अशा मुलीने शिलाई करावी, दुकान सांभाळावे, बालवाडीत मदत करावी. पण उन्हातले, तहान मारून करायचे काम तिच्यासाठी नाही. अंगातले पाणी कमी झाले की दुखणे उसळते. चांगल्या दिवसात कमावले म्हणून तिचा आजार खोटा ठरत नाही आणि प्रमाणपत्रावरचे टक्केही कमी होत नाहीत. टक्के वैद्यकीय तपासणीवर ठरतात, कमाईवर नाही.

मला दाविदाच्या काळातला मफीबोशेथ अनेकदा आठवतो. दोन्ही पायांनी अधू. दाविदाने त्याला शौलाची जमीन परत दिली, ती कसायला सीबाला आणि त्याच्या मुलांना लावले, आणि शिवाय त्याला रोज आपल्या पंक्तीला बसवले. शेत घे नाहीतर ताट घे, असे त्याला कोणी म्हटले नाही. आपल्याकडे मात्र लोक एकमेकांना हेच विचारतात, आणि कार्यालयापेक्षा गावकी जास्त विचारते.

मग पैसे बंद पडतात ते कशाने? माझ्या पाहण्यात बहुतेकांचे पैसे कामामुळे नाही, कागदांमुळे थांबले. दिवाळीनंतर आपली कुटुंबे उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. घरातली दिव्यांग व्यक्तीही बरोबर जाते. तिथे झोपडीवर मुले सांभाळते, भाकरी करते. इकडे हयातीच्या दाखल्याची वेळ येते, माणूस गावात नसतो आणि रक्कम थांबते. उन्हाळ्यात परत आल्यावर सगळे म्हणतात, बघ, कामाला गेलास म्हणून बंद झाले! तसे नसते. कधी प्रमाणपत्र तात्पुरते असते आणि त्याची मुदत संपलेली असते. कधी बँक खात्याला आधार जोडलेले नसते. म्हणून निघण्यापूर्वी तलाठी कार्यालयात जाऊन हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कधी लागणार हे विचारावे आणि शक्य तेवढे आधीच उरकावे. पैसे का थांबले हे कोणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो; शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

खरा पेच पुढे आहे. समजा आपल्या त्या तरुणाला वसतिगृहावर पहारेकऱ्याची नोकरी लागली, महिना 9,000 रुपये. वर्षाचे झाले 1,08,000. आता तो मर्यादेच्या बाहेर आहे. इथे दलाल येतो आणि सांगतो, “उत्पन्नाचा दाखला मी जुन्याच आकड्याचा आणून देतो, तू गप्प बस.” त्याचे ऐकू नये. खोटा दाखला उघडा पडला तर घेतलेली रक्कम परत मागतात, आणि तोवर त्यातला वाटा दलालाने नेलेला असतो. तहसीलमधल्या संजय गांधी शाखेला साध्या कागदावर कळवावे, की अमुक तारखेपासून मला नोकरी लागली आहे, आणि पोच जपून ठेवावी. उद्या नोकरी गेली तर नवा उत्पन्नाचा दाखला काढून पुन्हा अर्ज करता येतो. त्या वेळी ही पोच प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

पण नव्या अर्जाला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत चूल कशी पेटायची, ही भीती खोटी नाही. नोकरी टिकेल याची खात्री नसताना महिन्याचे ठरलेले 2,500 रुपये सोडायला कोणाचे मन होईल? अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व विमा घेणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते; त्या काळात कमाई कितीही झाली तरी त्याची रक्कम चालू राहते. आपल्याकडे निदान सहा महिन्यांची अशी मुभा असावी, असे माझे मत आहे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला काही खर्च येत नाही.

पेन्शन थांबली तरी बाकीचे हक्क राहतात, हेही घरच्यांना समजावून सांगावे. यूडीआयडी कार्ड तसेच राहते (40 ते 79 टक्क्यांना पिवळा पट्टा, 80 च्या पुढे निळा). एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत राहते. सरकारी नोकरीतले 4 टक्के आरक्षण राहते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यावरचा हक्क राहतो. आणि ज्यांना कारखान्यात काम करताना इजा झाली व ज्यांचा ईएसआय कापला जात होता, त्यांचे प्रकरण वेगळे आहे. कायमच्या अपंगत्वासाठी ईएसआयकडून दरमहा मिळणारी रक्कम ही गेलेल्या अवयवाची भरपाई आहे. दुसरीकडे कामाला लागल्याने ती थांबत नाही.

ज्यांना आपला हिशेब करून घ्यायचा आहे त्यांनी बाजाराच्या दिवशी केंद्रावर यावे. येताना यूडीआयडी कार्ड किंवा जुने प्रमाणपत्र, आधार, जॉबकार्ड, शेवटचा उत्पन्नाचा दाखला आणि गेल्या वर्षभराच्या नोंदी भरून घेतलेले पासबुक आणावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी उचल घेण्याआधी यावे, नंतर नको.