जुनीं यंत्रें, नवा शेजार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. परंतु यंत्रांच्या बाबतींत तिच्यावर आपला फारसा विश्वास नसतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील किंवा एखाद्या कचेरीच्या माळ्यावरील जुना संगणक भंगाराच्या हातगाडीवर चढतो, तेव्हां कोणासहि हळहळ वाटत नाहीं. त्याच्या पोटांत कित्येक वर्षांचे हिशेब, पत्रव्यवहार, कोणाचें तरी संशोधन असेल, हा विचार पुष्कळदां गाडी गल्लीबाहेर गेल्यावर सुचतो. अशा यंत्रांचा आजच्या संगणकांशीं संवाद घडवून आणतां येतो काय, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

संगणकाचा कारभार पाहणारी युनिक्स ही प्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मास आली. केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे जनक. कपाटाएवढ्या मिनिसंगणकावर ती चाले आणि अनेक माणसें आपापल्या पडद्यापुढें बसून त्या एकाच यंत्रावर काम करीत. एकत्र कुटुंबांत चूल एक आणि पानें अनेक, तसाच तो प्रकार. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला आणि ज्याची त्याची चूल निराळी झाली. चुली निराळ्या झाल्या तरी बोलणें तुटूं नये, याची सोय मात्र आधींच तयार होत होती. रॉबर्ट मेटकाफ यांनीं झेरॉक्सच्या संशोधन केंद्रांत १९७३ सालीं इथरनेटची कल्पना मांडली होती. १९८३ सालीं तिला सर्वमान्य नियमांचें रूप आलें.

तिची मूळ रीत गिरगांवच्या चाळींत वाढलेल्या माणसास समजावून सांगावी लागणार नाहीं. लांबच लांब सामायिक गॅलरी, तिच्या कडेनें खोल्या. हांक सर्वांस ऐकूं जाते, पण ‘ओ’ देतो तो ज्याचें नांव घेतलें तोच. एक बोलत असतां दुसऱ्यानें थांबावें; दोघे एकदम बोलूं लागले, तर दोघांनींहि गप्प बसून थोडा वेळ जाऊं द्यावा. हा वेळ दोघांचा सारखा नसावा, नाहीं तर पुन्हां एकदमच तोंडें उघडतील! या गॅलरीच्या जागीं पूर्वीं जाड तार असे. तिचा एक सलग पल्ला ५०० मीटरांचा; मागून आलेल्या बारीक तारेचा १८५ मीटरांचा. वेग सेकंदास एक कोटि बिटांचा. तारेच्या दोन्ही टोकांस ५० ओहमचें टोपण लागे. तें निसटलें, कीं संदेश प्रतिध्वनीसारखे उलट फिरत आणि सारी चाळ मुकी होई.

पुढें १९९० सालीं पिळाच्या तारेचे नियम ठरले. गॅलरी जाऊन मधोमध एक पेटी आली आणि तिच्यापासून प्रत्येक खोलीस स्वतंत्र तार गेली. तरीहि पाकिटाचा घाट बहुतांशीं तोच राहिला: वर घेणाऱ्याचा पत्ता, मग पाठविणाऱ्याचा, आणि आंत फार तर १५०० बाइटांचा मजकूर. जुन्यांस नव्यांशीं बोलतां येतें, तें याच मर्यादेमुळें.

मुंबईस हा विषय परका नाहीं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं सुरू झाला. तेथील मंडळींतूनच १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभें राहिलें, डॉ. एस. रमणी त्याचे संचालक होते. १९८६ सालीं अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या जाळ्याचा आरंभ झाला आणि १९८७ च्या सुमारास हें केंद्र व पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनवरून ई-पत्रें जाऊं लागलीं. सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं.

आतां प्रत्यक्ष जोडणीविषयीं. त्या काळच्या पुष्कळ युनिक्स यंत्रांच्या पाठीशीं पंधरा टांचण्यांचें इथरनेटचें तोंड असतें. त्यास पिळाच्या तारेचा ट्रान्सीव्हर बसवावा. लॅमिंग्टन रोडवरील जुन्या मालाच्या दुकानांत त्याची चौकशी करावी. स्विच घेतांना तो १० मेगाबिटचा संथ वेग अजून ओळखतो ना, हें विचारून घ्यावें. दोन्ही यंत्रांस एकाच जाळ्यांतले पत्ते द्यावे. एफटीपीनें फाइली आणतांना ‘बायनरी’ ही आज्ञा आधीं द्यावी. नाहीं तर चित्रें व कार्यक्रम यांची मोडतोड होते. जुन्या टेलनेटवरचें बोलणें उघड्या पोस्टकार्डासारखें असतें. परवलीचा शब्दहि वाटेंत वाचतां येतो. म्हणून हें ज्येष्ठ यंत्र इंटरनेटवर न सोडतां निराळ्या तारेवरच ठेवावें. फार दिवस बंद असलेलें यंत्र जाणकाराकडून तपासल्यावांचून चालूं करूं नये, आणि मजकूर हातीं येतांच त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या.

तारा मिळतील, पेट्याहि मिळतील. परंतु परवलीचा शब्द कोणता, कोणत्या कप्प्यांत काय ठेविलें, हें ज्यांस ठाऊक ती माणसें आज वयस्कर झालीं आहेत. दादर-परळच्या कित्येक घरांत बँकेंत, विमा कचेरींत वा महाविद्यालयांत अशीं यंत्रें चालविलेले आजोबा, काका किंवा आत्याबाई असतील. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावें आणि तें सारें उतरवून घ्यावें. यंत्र कांहीं वर्षें वाट पाहील. हें काम मात्र पुढच्या सुटीवर टाकण्याजोगें नाहीं, असें आम्हांस वाटतें.