कर्ल्यू ओरडला की गवत आवरा

१९३७ साली आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना वेगळाच गृहपाठ मिळाला. घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि ती सांगतील ते वहीत उतरवून आणायचं. शेमस ओ डिलर्गा यांच्या लोकसाहित्य आयोगाची ही योजना. १९३९पर्यंत सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,०००हून अधिक मुलांनी हे काम केलं. त्या वह्या आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहेत आणि त्यांची पानं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. पावशाचं ‘पेरते व्हा’ ऐकत वाढलेली मी, त्या वह्यांतल्या पाखरांपाशीच रमले.

भिंगऱ्या जमिनीलगत उडू लागल्या की पाऊस. कुरव समुद्र सोडून शेतात उतरले की वादळ. रॉबिन दाराशी घुटमळू लागला की कडक थंडी. लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू ओरडत सुटला, की पाऊस आलाच म्हणून समजा. राखी बगळ्यावर मात्र एकमत नाही: तो डोंगराकडे निघाला की कुठे उघडीप म्हणतात, कुठे पाऊस.

हे आडाखे म्हणजे फावल्या वेळच्या गप्पा नव्हत्या. अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येत राहतात, त्यामुळे सलग चार कोरडे दिवस मिळणं तिथे नशिबाचं. कापून पसरलेलं गवत भिजून कुजलं, तर हिवाळ्यात गुरांपुढे टाकायचं काय? चुलीसाठी दलदलीतून कापून काढलेल्या पीटच्या विटाही उन्हावाऱ्यातच वाळायच्या. आज गवत कापावं की थांबावं, हे ठरवताना चूक परवडत नसे.

त्यातला पाणलाव्याचा आडाखा मला फार आवडतो. वसंतात संध्याकाळी हा पक्षी उंच चढतो आणि तिरपा खाली झेपावतो. झेपावताना शेपटीची कडेची दोन पिसं ताठ बाहेर काढतो. वाऱ्याने ती थरथरतात आणि बकरी ओरडल्यासारखा आवाज उमटतो. गळ्यातून नव्हे, पिसांतून! तो आवाज आला की रात्री हिव पडणार, असं लोक सांगत. मला यात तथ्य वाटतं. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, अशा संध्याकाळी आवाज लांबवर पोचतो. आणि ढगांचं पांघरूण नसलं की जमीन रात्रीत भराभर थंड होते. भिंगरीचंही तसंच. दमट, गार हवेत किडे खाली राहतात, भिंगरी त्यांच्यामागे खाली येते. पाखराला उद्याचं काही कळत नसतं. आत्ताची हवा मात्र ते अचूक दाखवतं, आणि हे त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं.

म्हणूनच कर्ल्यूची आजची गत जिवाला लागते. १९८०च्या दशकात आयर्लंडमध्ये त्याच्या हजारो जोड्या वीण करत. २०१५ ते २०१७च्या पाहणीत १३८ सापडल्या, २०२१मध्ये १०५. दलदली उपसल्या गेल्या, माळांवर सूचिपर्णी झाडांची लागवड झाली, चाऱ्यासाठी गवत लवकर कापलं जाऊ लागलं, आणि उरल्यासुरल्या घरट्यांवर कोल्हे-कावळे टपलेले. २०१७मध्ये सरकारने कर्ल्यूसाठी संरक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात स्थानिक माणसं नेमली. ती शेतकऱ्यांना भेटतात, घरटी शोधतात, त्यांची राखण करतात. पिल्लं उडेपर्यंत कापणी लांबवायला शेतकरी राजी झाला, तरच त्या कष्टांचं चीज होतं.