बंद पडलेली जुनी जावा : इंजिन उघडावे की नाही?

दुकानामागच्या खोलीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली जुनी मोटारसायकल आपल्यापैकी अनेकांकडे आहे. ती चालू करावी असे मुलांना वाटते. मिस्त्री येतो, दोन किका मारतो आणि "पूर्ण इंजिन खोलावे लागेल" म्हणून मोठी रक्कम सांगतो. मग घरात दोन तट पडतात. आमचे म्हणणे एवढेच की, थान कापण्याआधी आपण गज लावतो, तसे इथेही आधी मोजावे आणि मग खर्चाला हात घालावा.

उदाहरणासाठी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची 250 सीसी गाडी घेऊ. पुढे हीच गाडी येझदी नावाने विकली गेली आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. 2018 पासून जावा नावाच्या नव्या गाड्या आल्या आहेत, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनाचे सामान जुनीला चालत नाही. जुने इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते, तिथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणून पिस्टनइतकेच महत्त्व क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या रबरी सीलला आहे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत हे सील कडक होतात आणि क्रँककेसमधल्या ओलाव्याने बेअरिंगवर गंज चढतो.

पहिली गोष्ट, किक मारू नये. रिंगा चिकटलेल्या असतील तर जोर केल्याने सिलिंडर ओरबाडतो. प्लग काढून आत थोडे ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस थांबावे. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागे-पुढे करावे. हलले नाही तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा सबुरी. हातोडा नको.

दुसरी तपासणी सायलेन्सरचे पाइप काढून होते. बॅटरीच्या उजेडात पिस्टनची बाजू दिसते. बारीक रेघा असतील तर चिंता नाही. नख अडकेल इतक्या खोल चिरा असतील तर बोरिंग आले. तिसरी तपासणी कनेक्टिंग रॉडची. हेड व सिलिंडर उतरवून रॉड धरून पाहावा. तो आडवा थोडा सरकणारच, पण वर-खाली हलला तर बिगएंड बेअरिंग गेले असे समजावे.

आता निर्णय. पिस्टन मोकळा आहे, रॉड घट्ट आहे आणि दाब चांगला आहे, तर पूर्ण इंजिन उघडण्याचे कारण नाही. सील बदलावेत, टाकी व कार्बोरेटर धुवावा, पॉइंट साफ करावेत आणि गाडी चालवून पाहावी. सीलचे काम टाळू नये. क्लचकडचा सील गेला तर इंजिन तिकडचे ऑइल ओढून पांढरा धूर सोडते. डायनॅमोकडचा गेला तर बाहेरची हवा शिरते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो.

फक्त सिलिंडर खराब असेल तर बोरिंग व ओव्हरसाइज पिस्टन पुरे. पण पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर लेथवाल्याकडे देऊ नये. माप पिस्टनवरून ठरते.

बेअरिंग गंजलेले असेल तर मात्र इंजिन पूर्ण उघडावे आणि सगळे एकदाच करावे. अर्धे काम म्हणजे दुप्पट मजुरी. या गाडीचा क्रँक प्रेसने जोडलेला असतो. तो उघडून परत जोडल्यावर डायल गेजवर सरळ करावा लागतो. ठोकून अंदाजाने बसवणाऱ्याला हे काम देऊ नये. गेज लावून दाखवणाऱ्या कारागिराला चार पैसे जास्त द्यावेत, ती त्याच्या हुनराची किंमत आहे.

खर्चाआधी कागद पाहावेत. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती 5-5 वर्षांनी वाढवावी लागते, शिवाय पर्यावरण कर येतो. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे, म्हणून मिस्त्रीला नंबर असलेला क्रँककेस बदलू देऊ नये. 50 वर्षांवरच्या मूळ रूपातील गाडीसाठी 2021 च्या केंद्रीय नियमांत वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. तिची पहिली फी 20,000 रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. सामान, लेथकाम आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी, आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. टायर, वायरिंग, ब्रेक हा खर्च इंजिनाबाहेरचा आहे, तोही मिळवावा. माल वाहायचा असेल तर त्या पैशात दुसरी चालू गाडी बघणे शहाणपणाचे. विकायची असेल तर कागद नसताना केलेला इंजिनाचा खर्च वसूल होणे कठीण. वडिलांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर खर्च जरूर करावा, मात्र तो घरखर्चातून करावा, दुकानाच्या भांडवलातून नव्हे.

आज पैसा नसेल तरी भंगारवाल्याला घाईने देऊ नये. टाकी रिकामी करावी, सिलिंडरमध्ये ऑइल सोडून प्लग लावावा, सायलेन्सरची तोंडे कापडाने बंद करावीत आणि गाडी कोरड्या जागी ठेवावी. चार वर्षांनीही ती दुरुस्तीच्या लायक राहील.