उतारवयाचा ताळेबंद : खासगी काळजी-केंद्राचा खर्च कसा पेलावा?

व्यापाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. नोकरदार माणूस अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी कार्यालयातून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हाती निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तरी असते. दुकानदार पंच्याहत्तरीतही सकाळी गादीवर येऊन बसतो. आणि ज्या दिवशी त्याचे येणे थांबते, त्या दिवशी त्याचे स्वतःचे स्वतंत्र उत्पन्न किती, हे घरातील कोणालाच नेमके सांगता येत नाही. भांडवल मालात गुंतलेले असते, उधारी बाजारात असते, जागा अनेकदा एकत्र कुटुंबाच्या नावावर असते. कुटुंब सधन असते, पण घरातील वृद्धाच्या हाती रोकड नसते. खासगी काळजी-केंद्राचा प्रश्न उभा राहतो तेव्हा ही विसंगती प्रथम लक्षात येते.

हा प्रश्न आता तुरळक घरांपुरता राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण २०.८ टक्क्यांवर जाईल. मुले बंगळुरू, दुबई वा अमेरिकेत, घरात दोनच माणसे, त्यांतील एक अंथरुणाला खिळलेले, अशी घरे पुण्या-मुंबईप्रमाणे सांगली, सोलापुरातही दिसू लागली आहेत.

एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या सोयी

वृद्धांच्या निवासाविषयी बोलताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले. येथे सदनिका विकत किंवा भाड्याने घेऊन धडधाकट माणूस स्वतंत्रपणे राहतो. भोजनगृह, दवाखाना, सुरक्षा यांसाठी देखभाल शुल्क भरतो. दुसरी, ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणून ओळखली जाणारी केंद्रे. तिसरी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांची चोवीस तास शुश्रूषा करणारी केंद्रे. तिन्हींचे शुल्क आणि जबाबदारी अगदी भिन्न असते.

आपल्या माणसाला कोणती सोय हवी, हे ठरविण्यासाठी अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली कसोटी आजही उपयोगी पडते. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि हाताने जेवणे, अशी सहा कामे तिच्यात पाहिली जातात. यांतील किती कामांना दुसऱ्याचा हात लागतो, यावर खर्चाचा आकडा ठरतो.

घरची मावशी की केंद्र?

केंद्राचे शुल्क ऐकताच ते महाग वाटते, कारण घरच्या काळजीचा खर्च कोणी एकत्र मांडलेला नसतो. ब्यूरोकडून बारा तासांची मावशी दिवसाला ९०० रुपयांस मिळते असे गृहीत धरल्यास, दिवस-रात्र दोन पाळ्यांचे महिन्याला ५४,००० रुपये होतात. त्यात स्वयंपाकीण, वैद्यकीय पलंगाचे भाडे, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आणि मावशी न आलेल्या दिवसाची धावपळ मिळवावी लागते. घरातील सुनेचे किंवा लेकीचे श्रम तर कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत.

यावरून एक साधा नियम निघतो. दिवसातून तीन-चार तासांच्या मदतीने काम भागत असेल, तर घरची व्यवस्था स्वस्त पडते. मदत रात्रंदिवस लागू लागली की, केंद्रात एकच परिचारिका अनेकांकडे पाहत असल्याने तेथील खर्च घराच्या बरोबरीने किंवा त्याहून कमी होऊ शकतो. म्हणून केंद्राच्या शुल्काची तुलना घरच्या संपूर्ण खर्चाशी झाली पाहिजे, केवळ किराण्याच्या बिलाशी नव्हे.

एक उदाहरण

समजा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका विधवा आजींजवळ ६० लाख रुपयांची बचत आणि स्वतःच्या नावावर एक सदनिका आहे. केंद्राचे मासिक शुल्क ५०,००० रुपये आणि बिनव्याजी परत मिळणारी अनामत १० लाख रुपये आहे. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, प्रत्यक्ष शुल्क शहर, खोली आणि शुश्रूषेनुसार बदलते.)

खर्चाची बाजू आधी पाहू. शुल्क ५०,००० रुपये. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर लागू होत असल्यास ९,०००. डायपर, औषधे, फिजिओथेरपी आदी वरखर्च ७,०००. एकूण ६६,००० रुपये.

आता जमेची बाजू. बचतीतील १० लाख अनामतीत गेले, राहिले ५० लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये झाली आहे. ८.२ टक्के दराने त्यावर दर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये मिळतात. उरलेल्या २० लाखांच्या बँक ठेवीवर ७ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ११,७००. सदनिका भाड्याने दिल्यास, देखभाल व मालमत्ता कर वजा जाता २१,००० धरू. एकूण सुमारे ५३,२०० रुपये. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर भरावा लागत नाही, ही जमेची गोष्ट.

तरीही महिन्याला १२,८०० रुपयांची तूट उरते. वर्षाला दीड लाखाहून थोडी अधिक. अनामतीचे १० लाख बँकेत असते, तर महिन्याला सुमारे ५,८०० रुपये आले असते. म्हणजे या तुटीचा जवळपास निम्मा भाग अनामतीमुळे आहे. अनामत ‘परत मिळणारी’ असली तरी फुकट नसते.

खरी कसोटी पुढच्या वर्षांत लागते. शुल्क दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढले, तर बहात्तरच्या नियमाने सुमारे दहा वर्षांत ते दुप्पट होते. आज ६६,००० असलेला खर्च तेव्हा १,३०,००० च्या आसपास जाईल. व्याज मात्र तेवढेच राहील, आणि तूट भरण्यासाठी मुद्दल मोडत गेल्याने तेही घटेल. म्हणून पहिल्या महिन्याचे शुल्क परवडते का, एवढेच विचारून भागत नाही. नव्वदीतही परवडेल का, हे आजच पाहावे लागते.

कायदा आणि सरकारी योजना कोठवर साथ देतात?

सत्तरीवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे संरक्षण मिळाले. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. काळजी-केंद्राचे मासिक शुल्क त्यात बसत नाही. सर्वसाधारण आरोग्य विम्याचेही तसेच आहे.

घर गहाण ठेवून मासिक रक्कम देणारी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजना देशात २००७ पासून आहे आणि तीतून मिळणारी रक्कम करमुक्त आहे. पण ती स्वतःच्या राहत्या घरासाठी आहे. कर्जदार सलग एक वर्ष घरात राहिला नाही, तर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्ज वसुलीस पात्र ठरते. घरीच राहून मावशी ठेवणाऱ्याला ती उपयोगी आहे. केंद्रात कायमचे जाणाऱ्याला नाही. त्याच्यापुढे घर भाड्याने देणे किंवा विकणे हेच मार्ग उरतात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे त्यानुसार निर्वाहखर्च मागता येतो. पण त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. वरील उदाहरणातील तूटदेखील त्यातून पूर्ण भरत नाही.

या कायद्याचे कलम २३ व्यापारी कुटुंबांसाठी अधिक मोलाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. दुकान किंवा घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करताना हे एक वाक्य दस्तात लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. बाजारात सख्ख्या भावालाही उधारी देताना वहीत नोंद होतेच.

करारावर सही करण्यापूर्वी

काही गोष्टी तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. शुल्कवाढ दरवर्षी किती आणि कशाच्या आधारे? मावशी स्वतंत्र लागल्यास अधिक किती? रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे शुल्क पूर्ण की कमी? केंद्र सोडल्यास किंवा निधन झाल्यास अनामत किती दिवसांत, कोणाच्या हाती, किती वजावटीने परत? प्रकृती अधिक बिघडल्यास केंद्र सांभाळणार, की घेऊन जा म्हणणार? कंदमूळ वर्ज्य असलेला, सूर्यास्तापूर्वीचा आहार रोज मिळणार का, आणि त्याचे वेगळे पैसे किती?

अनामतीविषयी आणखी एक सावधगिरी हवी. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असते. केंद्राकडे ठेवलेल्या अनामतीला तसे नसते. संस्था बुडाली तर अनामतदार इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो. अनामत कमी आणि मासिक शुल्क थोडे अधिक असा पर्याय मिळाल्यास तो नाकारू नये.

संस्थांना करता येण्याजोगे

धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धनिवासात साठीवरील व्यक्तीकडून निवास, भोजन व देखभालीसाठी महिना २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कास २०१८ पासून वस्तू व सेवा कर माफ आहे. खासगी कंपनीला ही सवलत नाही. धर्मशाळा, वसतिगृहे आणि दवाखाने उभारणाऱ्या समाजाच्या विश्वस्त संस्थांजवळ अनेक शहरांत मोक्याच्या जागा आहेत. जागेचे भाडे नसेल, तर केंद्राच्या खर्चातील मोठा वाटा आपोआप कमी होतो. उरतो तो परिचारिका, मावश्या आणि स्वयंपाकघराचा खर्च. सधन कुटुंबाने पूर्ण शुल्क द्यावे आणि मध्यम स्थितीतील दुकानदाराच्या शुल्काचा काही भाग निधीतून भरला जावा, अशी रचना अशक्य नाही.

तरतूद केव्हा करावी?

हा विचार सत्तरीत सुरू झाला, तर फार उशीर होतो. पन्नाशीपासूनच पेढीच्या भांडवलातून दरवर्षी ठरावीक रक्कम काढून ती पती-पत्नीच्या स्वतंत्र नावांवर ठेवावी. दुकानाची जागा वडिलांच्या नावावर असेल, तर भाडेकरार करून पेढीने त्यांना दरमहा भाडे द्यावे. त्यामुळे वृद्धापकाळी मुलाकडे हात पसरावा लागत नाही, आणि मुलालाही आपण उपकार करतो असे वाटत नाही. घरातील स्त्रीच्या नावावर काय आहे, हे विशेष पाहावे; कारण पतीच्या मागे अनेकदा तीच एकटी उरते.

दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा सर्व भावंडे बहुधा एकत्र असतात. त्या दिवशी नव्या वहीत आई-वडिलांच्या नावाचे एक खाते उघडावे. त्यांचे उत्पन्न, ठेवी, विमा, दस्त आणि वारस-नोंदी एका पानावर लिहाव्यात, आणि घरी की केंद्रात, हे त्यांनाच विचारावे. धडधाकट असताना त्यांनी दिलेले उत्तर पुढे मुलांना निर्णय घेताना आधार देते आणि भावाभावांतील वाद टाळते.